अपंग मुलांसाठी माध्यमिक शाळेची निवड

शाळेची निवड हा शब्दप्रयोग खेड्यातील बहुतेक कुटुंबांच्या बोलण्यात येत नाही. वाडीवर चौथी-पाचवीपर्यंतची शाळा असते. पुढे सातवीपर्यंत शेजारच्या मोठ्या गावी जावे लागते. आणि आठवीला, जिथवर एस. टी. पोचते तिथले हायस्कूल तेच आपले, असा सरळ हिशेब असतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, वेदगंगेच्या काठी वसलेल्या गारगोटीभोवती भुदरगड तालुक्याच्या ज्या डोंगरी वाड्या आहेत, तेथील मुलामुलींचे शिक्षण पिढ्यान् पिढ्या ह्याच वाटेने झाले आहे. परंतु ह्याच वाड्यांपैकी एखाद्या घरातील मुलगी जन्मतः ऐकू न येणारी असली, किंवा मुलाची दृष्टी लहानपणीच गेलेली असली, म्हणजे जो प्रश्न इतरांस पडत नाही तो त्या घरापुढे एकाएकी उभा राहतो. गारगोटीचे हायस्कूल, की सुमारे पन्नास किलोमीटरांवरील कोल्हापूरची निराळी, अशाच मुलांसाठी चालविलेली शाळा? की ह्याहूनही दूर पुणे वा मुंबई?

अशा वेळी शहरातील सुशिक्षित नातलगास हटकून विचारणा होते. पुण्यातील भावाने किंवा मुंबईतील मामाने काय ते सांगावे, अशी घरच्यांची अपेक्षा असते; आणि तोही बहुधा आपण ऐकलेल्या एखाद्या नामांकित संस्थेचे नाव सांगून मोकळा होतो. सल्ला सद्हेतूनेच दिलेला असतो. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची पुढील पाच-सहा वर्षे त्या एका शब्दावर ठरतात, हे लक्षात घेतले तर तो देण्यापूर्वी थोडा विचार होणे अवश्य आहे.

गारगोटी म्हटले की १९४२ च्या डिसेंबरात तेथील कचेरीवर झालेला हल्ला आणि त्यातले हुतात्मे अनेकांस आठवतात. शिक्षणाच्या इतिहासातही ह्या गावाचे नाव आहे. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक ह्यांनी १९४७ साली येथे श्री मौनी विद्यापीठाची स्थापना केली. खेड्यातील मुलास उच्च शिक्षणासाठी खेडे सोडावे लागू नये, ह्या कल्पनेवर ते उभे राहिले. पुढे १९६४ साली डॉ. दौलतसिंह कोठारी ह्यांच्या अध्यक्षतेखाली जो शिक्षण आयोग नेमला गेला, त्याचे सदस्य-सचिव हेच नाईक होते. त्या आयोगाने १९६६ साली सादर केलेल्या अहवालात अपंग मुलांच्या शिक्षणावर स्वतंत्र विवेचन आहे. हे शिक्षण केवळ भूतदयेपोटी द्यावयाचे नसून ते सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचा अविभाज्य भाग असले पाहिजे, असे त्याचे मत होते. शक्य तितकी मुले सामान्य शाळांतून शिकावीत, आणि ज्यांना ते मानवणार नाही त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक चांगली विशेष संस्था असावी, असे दुहेरी धोरण त्याने सुचविले. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणातही त्याचा अनुवाद झाला.

म्हणजे, गावातील शाळा की वेगळी शाळा, हा वाद नवीन नाही. आणि ज्या मनुष्याने गारगोटीस विद्यापीठ काढले, त्याच्या आयोगाने त्याचे उत्तर एका शब्दात दिलेले नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. आज कायदाही तेच सांगतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या अधिनियमातील एकतिसावे कलम असे आहे की, ज्या मुलाचे अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक असल्याचे प्रमाणित झाले आहे, त्यास वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत जवळच्या शाळेत अथवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, विनामूल्य शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा चौदाव्या वर्षाशी थांबतो. हा अठरापर्यंत जातो. त्यामुळे आठवी ते बारावी हा सगळा टप्पा त्यात येतो. पसंती हा शब्द कायद्याने घातला आहे. परंतु पसंतीस अर्थ यावयाचा तर निदान दोन वाटा खऱ्याखुऱ्या उघड्या असाव्या लागतात.

जाता जाता नावाविषयी. पांगळा, लुळा, मुका हे शब्द जाऊन अपंग, कर्णबधिर असे शब्द आले, आणि गेल्या काही वर्षांत सरकारी कागदोपत्री दिव्यांग हा शब्द रूढ झाला. बदल चांगल्या हेतूने झाले. मात्र शाळेच्या दारातील चार पायऱ्या नाव बदलल्याने कमी झालेल्या नाहीत.

वेगळ्या शाळांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत माझगावला मूकबधिरांसाठी १८८५ साली शाळा निघाली. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या मिस् ॲना मिलार्ड ह्यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली. दादरची कमला मेहता अंधशाळा ती हीच. पुण्यात अंधांसाठी शाळा व वसतिगृह १९३४ साली निघाले. त्या काळी सामान्य शाळेचे दार ह्या मुलांस बंदच असल्यामुळे ह्या शाळा नसत्या तर शिक्षणच नव्हते. आज दार कायद्याने उघडले आहे. म्हणून वेगळ्या शाळांचे काम संपले, असे म्हणणारा एक पक्ष आहे. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे भरलेल्या जागतिक परिषदेने सर्व मुलांना एकाच शाळेत सामावून घेण्याचा जो पुरस्कार केला, त्याचा आधार हा पक्ष घेतो. उलट, सामान्य शाळेत ही मुले नुसती बसून राहतात, शिकत नाहीत, असे सांगणारा दुसरा पक्ष आहे. दोघांच्याही म्हणण्यास अनुभवाचा आधार आहे. घोटाळा होतो तो अपंग हा एकच वर्ग मानल्यामुळे. ऐकू न येणे, न दिसणे, चालता न येणे आणि बुद्धीची वाढ मंद असणे ह्या चार अगदी निरनिराळ्या अवस्था आहेत, आणि त्यांना एकच शाळा किंवा एकच उत्तर पुरे पडेल असे मानण्यास काही कारण नाही.

प्रथम कर्णबधिर मुलांचा विचार करू. कारण ह्यांच्याच बाबतीत शहरी सल्लागारांची सर्वाधिक फसगत होते. मूल धडधाकट दिसते, चपळ असते, फळ्यावरचे अक्षर सुंदर उतरवून घेते; तेव्हा त्याला गावच्या शाळेत काय अडचण, असे वाटते. अडचण दिसत नाही, एवढेच. ऐकणारे मूल तीन वर्षांचे होईपर्यंत हजारो वाक्ये कानावर पडून भाषा आपोआप शिकते. कर्णबधिर मूल बहुधा ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्माला येते. त्याच्याशी खुणांच्या भाषेत बोलणारे घरात कोणी नसते, आणि श्रवणयंत्र वेळेवर मिळाले नाही तर बोलली जाणारी भाषाही पोचत नाही. अशा मुलास आठवीत मराठीचा धडा वाचता येत नाही, ह्याचे कारण बुद्धीत नसते. त्यास अद्याप कोणतीच भाषा पुरतेपणी मिळालेली नसते, हे त्याचे खरे कारण होय.

ह्यात एक ऐतिहासिक अन्यायही आहे. १८८० साली इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने असे ठरविले की, मुलांना हातांच्या खुणा करू देऊ नयेत, ओठ वाचून तोंडाने बोलायलाच शिकवावे. हा ठराव करणाऱ्यांत जवळजवळ सगळे ऐकणारे होते. त्याचा परिणाम जगभर झाला, आणि आपल्याकडील शाळांतही दीर्घकाळ मौखिक पद्धतीचाच पगडा राहिला. मुले मात्र वसतिगृहात, खेळाच्या मैदानावर, गुरुजींची पाठ वळली की खुणांनीच बोलत. भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी दिल्लीस स्वतंत्र केंद्र २०१५ साली निघाले. २०२० च्या शिक्षणधोरणाने त्या भाषेस शिक्षणात स्थान दिले. आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेने ती माध्यमिक परीक्षेस एक भाषाविषय म्हणून घेतली. उशीर पुष्कळ झाला, पण दिशा बदलली आहे.

ह्यावरून कर्णबधिर मुलासाठी शाळा पाहावयाची तर पहिला प्रश्न काय विचारावा, हे उघड आहे: येथे मुलाशी त्याला पूर्ण कळेल अशा भाषेत कोण बोलते? गारगोटीच्या हायस्कुलात तो एकटाच बधिर असेल, एकही शिक्षक खुणा जाणत नसेल, तर सर्वांमध्ये सामावले जाणे हे नुसते पटावरचे शब्द होत. पन्नास मुलांच्या वर्गात तो एकान्तवासच भोगतो. उलट विशेष शाळेत त्याला शिक्षक मिळतील अगर न मिळतील, पण बरोबरीची मुले मिळतात, आणि त्यांच्याशी बोलताबोलता भाषा मिळते. लहानपणी यंत्र किंवा कानातील शस्त्रक्रिया होऊन ज्याला बोलणे चांगले समजते, त्याची गोष्ट निराळी. त्याने गावच्या शाळेत पहिल्या बाकावर बसावे, हेच योग्य.

तथापि वेगळ्या शाळेचीही किंमत असते, आणि ती घरी मोजली जाते. कोल्हापुरास मुलांनी शिक्षणासाठी बोर्डिंगात राहणे नवे नाही. १९०१ सालापासून छत्रपती शाहू महाराजांनी एकेका समाजासाठी वसतिगृहे काढली, आणि खेड्यापाड्यांतील कितीतरी मुले ह्याच वसतिगृहांतून शिकून गेली. पण त्या बोर्डिंगातला मुलगा दिवाळीस घरी आला म्हणजे आईशी मन मोकळे करून बोलत असे. बधिर मुलगी खुणांची भाषा शिकून घरी येते तेव्हा ती भाषा घरात कोणासच येत नाही. सुटीचे तीन आठवडे ती ताट वाढणे, पाणी आणणे ह्यांच्या खुणांवर काढते आणि शाळा कधी उघडते ह्याची वाट पाहते. तेव्हा मूल शाळेत घालताना आईनेही निदान शे-दीडशे खुणा शिकावयाच्या, असे घराने आरंभीच ठरवावे. पालकांस शिकविण्याची सोय शाळेत आहे की नाही, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

अंध मुलांचे चित्र जवळजवळ उलट आहे. त्यांना भाषा घरातच, कानांनी, पुरेपूर मिळालेली असते; आणि म्हणूनच योग्य साधने व शिकविणारा असेल तर ती सामान्य हायस्कुलात चांगली शिकतात. योग्य साधने म्हणजे काय? ब्रेलची पाटी व सुई, आकडेमोडीसाठी टेलर फ्रेम किंवा मणिफ्रेम, उठावाचे नकाशे व आकृत्या, पांढरी काठी, आणि अलीकडे वाचून दाखविणारे संगणक व फोन. ब्रेल म्हणजे सहा टिंबांची लिपी. भारतीय भाषांसाठी तिचे एकच रूप १९५१ साली ठरले आणि मराठीही त्यातच आली. पाटीवर ती उजवीकडून डावीकडे टोचून लिहावयाची आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावयाची. हे कौशल्य बोटांत मुरावयास वर्षे लागतात, आणि ते लहानपणीच मुरलेले बरे. म्हणून कित्येक अनुभवी शिक्षकांचे मत असे की, अंध मुलाने प्राथमिक वर्षे विशेष शाळेत काढावीत, ब्रेल, चालणे-फिरणे, स्वतःचे कपडे-भांडी हे सर्व पक्के करावे, आणि आठवीपासून सामान्य शाळेत यावे. गारगोटीच्या मुलाबाबत ह्याचा अर्थ असा की, जो मुलगा बालपणी कोल्हापुरास गेला, त्याने माध्यमिक शिक्षणासाठी घरी परत येण्याचा विचार करणे हेही एक रास्त उत्तर आहे. मात्र फोन वाचून दाखवितो, मग ब्रेल कशाला, हा अलीकडे ऐकू येणारा युक्तिवाद फसवा आहे. नुसते ऐकून शिकलेल्यास शुद्धलेखन आणि बीजगणित दोन्ही दुर्लभ होतात.

गणितासंबंधी थोडे अधिक बोलणे जरूर आहे. आपल्या राज्याच्या परीक्षामंडळाने अपंग विद्यार्थ्यांस लेखनिक, जादा वेळ, विषयांची अदलाबदल अशा सवलती ठेवल्या आहेत, आणि त्या न्याय्य आहेत. पण वरच्या गणिताऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित घेण्याची मुभा ही मोठी सुलभ सवलत आहे; शाळेस सुलभ, पालकांस सुलभ, आणि दहावीच्या निकालासही सोयीची. ती घेतली की विज्ञानाची, वाणिज्याची आणि संगणकाची कित्येक दारे मुलाच्या नकळत बंद होतात. ज्या मुलास खरोखर त्या सवलतीची गरज आहे त्याने ती अवश्य घ्यावी. परंतु अंध आहे म्हणून गणित नको, असे जी शाळा आठवीतच ठरवून टाकते, तिची इमारत कितीही देखणी असली तरी ती शाळा दुसऱ्या क्रमांकाची समजावी. उठावाच्या आकृत्यांवरून भूमिती शिकविणारा एक शिक्षक दहा संगणकांहून मोलाचा असतो.

हातापायांनी अधू असलेल्या मुलांविषयी फार बोलावे लागू नये. त्यांना ऐकू येते, दिसते, समजते. अडते ते पायरी, प्रसाधनगृह आणि प्रवास ह्यांपाशी. त्यांच्यासाठी शाळा वेगळी नको, उतार हवा. नसीमा हुरजूक ह्या स्वतः चाकाच्या खुर्चीत वावरणाऱ्या बाईंनी सहकाऱ्यांसह १९८४ साली कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड ही संस्था काढली. ह्या संस्थेची उचगाव येथील समर्थ विद्यामंदिर ही शाळा ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तेथे उतार, रुंद दारे आणि वसतिगृह अपंग मुलांच्या सोयीने बांधलेले आहे, आणि वर्गात मात्र अपंग व धडधाकट मुले एकत्र बसतात. एका अर्थी ही वेगळी शाळा आहे आणि नाहीही. जी गोष्ट उचगावात होऊ शकते ती तालुक्याच्या गावी का होऊ नये, ह्यास सिमेंट आणि इच्छा ह्यांच्या अभावाखेरीज दुसरे कारण सांगता येत नाही. गारगोटीच्या पावसाळ्यात, निसरड्या अंगणातून कुबडीवर येणाऱ्या मुलीस तीन महिने शाळा बुडवावी लागत असेल, तर तिच्यासाठी वसतिगृहाचा विचार करणे हा शहाणपणाच होय. पण त्याचा दोष पावसाला देता येणार नाही.

बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलांच्या बाबतीत माध्यमिक शाळा ह्या शब्दाचा अर्थच बदलतो. दहावीच्या परीक्षेऐवजी पैशांचा व्यवहार, बसचा प्रवास, स्वयंपाक, एखादे हातचे काम ह्यांना तेथे महत्त्व असते. कोल्हापुरातील चेतना विकास मंदिरासारख्या संस्था हे काम करतात. येथे विचारावयाचा प्रश्न एकच: अठराव्या वर्षानंतर काय? ज्या शाळेस जोडून कार्यशाळा आहे, तिला इतर गोष्टी समान असता प्राधान्य द्यावे.

आता शिक्षकांविषयी. गावच्या शाळेत विशेष शिक्षक असतो काय? सर्वसाधारणपणे असे शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्राशी जोडलेले असतात आणि शाळाशाळांतून फिरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली असे सांगितले की, प्राथमिक स्तरावर दर दहा अपंग विद्यार्थ्यांमागे व त्यापुढे दर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा. ह्या प्रमाणाने आपल्या शाळेच्या वाट्यास तो आठवड्यातून किती तास येतो, हे मुख्याध्यापकांस विचारण्याचा पालकास पूर्ण अधिकार आहे. शिवाय दोन शाळांची घरेही निरनिराळी आहेत. सामान्य शाळा शिक्षणखात्याकडे, तर विशेष शाळा पूर्वी समाजकल्याणाकडे व आता २०२२ साली निघालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे. एका घरातून दुसऱ्या घरात मूल जाते तेव्हा त्याचे कागद मागे राहतात, असा अनेकांचा अनुभव आहे. यास्तव जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातून मिळालेले अपंगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र, सवलतींचे अर्ज आणि शाळा सोडल्याचा दाखला ह्यांच्या प्रती पालकांनी स्वतःजवळ ठेवाव्यात. एस. टी.च्या तिकिटात अपंगांस ७५ टक्के सवलत आहे. तीही ह्याच कागदांवर मिळते.

आणखी एक वाट कायद्याने ठेवली आहे, ती घरी शिक्षण देण्याची. २०१२ सालच्या दुरुस्तीने अतितीव्र अपंगत्व असलेल्या मुलांस हा पर्याय मिळाला. जे मूल अंथरुणातून उठू शकत नाही त्याच्यासाठी तो वरदान आहे. परंतु ज्या मुलाला केवळ न्यावे-आणावे लागते, त्याच्या पालकांना शाळाच जेव्हा हा पर्याय सुचवू लागते, तेव्हा पालकांनी सावध व्हावे.

मुलींच्या बाबतीत घरचे लोक अनेकदा बोलत नाहीत, पण मनात एक भीती बाळगतात. ऐकू न येणारी, न दिसणारी मुलगी परगावी ठेवायची कशी? ही भीती अनाठायी नाही, आणि शहरातील नातलगाने ती हसण्यावारी नेऊ नये. वसतिगृहात रात्री कोण असते, ती बाई मुलींची भाषा जाणते का, मुलीला तक्रार सांगावीशी वाटली तर ती कोणास व कशी सांगेल, हे प्रश्न प्रवेशाच्या अर्जापूर्वी विचारावेत. उत्तर देताना जेथे कपाळास आठ्या पडतात, तेथून अर्ज परत घ्यावा. मात्र हीच भीती मुलीला सातवीनंतर घरी बसविण्याचे कारण होत असेल, तर नातलगाने सुटी काढून स्वतः शाळा पाहण्यास जावे; फोनवरील उपदेशाने ते काम होणार नाही.

शाळा पाहावयास जाताना संमेलनाचा किंवा पाहुण्यांचा दिवस टाळावा. त्या दिवशी सर्वच शाळा चांगल्या असतात. एखाद्या साध्या मंगळवारी जावे, आणि ज्याच्यासाठी शाळा पाहावयाची तो मुलगा किंवा ती मुलगी बरोबर असावी. कायद्याने पसंती दिली आहे ती मुलाला, हे मोठी माणसे सोयीस्करपणे विसरतात. अकराच्या सुमारास वर्गात मागे बसून एक तास पाहावा: शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलतात की मुलांकडे, अंध मुलांच्या हाती पुस्तक आहे की नुसता कान, कोणी प्रश्न विचारतो की सर्व लिहून घेत आहेत. मधल्या सुटीत वडीलधाऱ्यांनी कचेरीत चहा घ्यावा आणि मुलास मैदानावर एकटे सोडावे. तेथे त्याच्या वयाची मुले त्याच्याशी बोलतील, किंवा बोलणार नाहीत. गारगोटीची परतीची एस. टी. पकडून घरी पोचेपर्यंत दोन तास जातात. शाळेविषयी त्याला काय वाटले ते तेवढ्या वेळात त्याला विचारून घ्यावे, आणि जूनपूर्वी दुसरीही शाळा अशीच दाखवावी.